रिकाम्या गुंठ्यांवर भाड्याची घरं: सातबाऱ्यापासून भाडेकरारापर्यंत

चाकण, महाळुंगे, निघोजे, रांजणगाव, वाळूज, बुटीबोरी. कुठल्याही एमआयडीसीच्या आसपासच्या गल्लीत शिरलात की ‘रूम भाड्याने देणे आहे’ असं भिंतीवर रंगवलेलं दिसतं, आणि त्याच गल्लीत गवत माजलेले दोन-तीन गुंठ्यांचे बखळ तुकडेही दिसतात. मालक एक तर मुंबईला, नाहीतर ‘परवानगीची भानगड कोण करणार’ म्हणून हात बांधून बसलेला.

हा लेख अशा मालकांसाठी आहे. आमची पाच गुंठे जागा चाकणच्या बाजूला आहे. तिथे आम्ही चार वन बीएचके आणि त्यांना लागून सामाईक भिंतीची दोन डुप्लेक्स घरं बांधली, आणि सहाही भाड्याने देतो. त्या वेळी जे कुणी एका जागी सांगितलं नाही ते इथे क्रमाने मांडतो. एक मत आधीच सांगून टाकतो: जास्त खोल्या म्हणजे जास्त भाडं हे गणित कागदावरच जुळतं. पाणी, संडास, स्वतंत्र मीटर आणि चोख कागद असतील तर थोड्या घरांतही भाडेकरू टिकतो. घर दोन महिने रिकामं राहिलं की जादा खोलीने दिलेला फायदा तिथेच जातो.

१. आधी भाडेकरू ठरवा

नकाशा काढायच्या आधी आसपास कोण राहतं ते पाहा. आयटीआय झालेली, पाळीत काम करणारी मुलं एका खोलीत चौघं राहतात आणि कंपनी बदलली की निघून जातात. नवरा-बायको आणि एक मूल असं कुटुंब शाळेच्या वर्षाप्रमाणे राहतं. मुलाचा दाखला झाला की सहसा मधेच हलत नाही. बँकेतले, शाळेतले, कंपनीतले वरच्या हुद्द्याचे लोक दोन बेडरूम मागतात आणि त्यांना गाडी लावायला जागा लागते.

ओळीने दहा खोल्या आणि कोपऱ्यात सामाईक संडास अशी चाळवजा बांधणी सगळ्यात स्वस्त पडते. पण तिथली भांडणं सोडवण्यात मालकाचा रविवार जातो. माझा कल वन बीएचकेकडे आहे. जागा रस्त्याला लागून असेल आणि गाव शहराला जोडलं जात असेल, तर शेजारी-शेजारी दोन डुप्लेक्स चांगले चालतात. खाली हॉल-स्वयंपाकघर, वर दोन खोल्या, प्रत्येकाला स्वतंत्र दार आणि स्वतःचा जिना. उद्या त्यातलं एक मुलाला राहायला द्यायचं ठरलं तरी अडचण येत नाही.

२. जमिनीचे कागद: इथे घाई करू नका

सातबारा, आठ-अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा उतारा) आणि फेरफार (मालकी बदलाची नोंद) महाभूमीच्या संकेतस्थळावरून डिजिटल सहीचे काढा. जागा सिटी सर्व्हेत गेली असेल तर सातबाऱ्याऐवजी मिळकत पत्रिका लागेल. उतारा हातात आला की नावाखाली थांबू नका, पुढच्या या गोष्टी वाचा.

धारणा प्रकार: भोगवटादार वर्ग १ असेल तर ठीक. वर्ग २ असेल तर ती इनाम, वतन, पुनर्वसन किंवा शासनाने दिलेली जमीन असू शकते. तिथे सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हस्तांतर करता येत नाही आणि बँकही जवळ करत नाही.

इतर अधिकाराचा रकाना: सोसायटीचा बोजा, कुळाचं नाव, विहिरीतला हिस्सा, ‘तुकडा’ असा शेरा, भूसंपादनाची नोंद, सगळं इथे सापडतं. आजोबांनी फेडलेल्या कर्जाचा बोजा तीस वर्षांनीही तसाच असतो. तो कमी करून घ्यायला सोसायटीचा दाखला आणि तलाठ्याकडे अर्ज लागतो. हे काम आधी उरका, कारण कर्ज मागायला जाल तेव्हा नेमका तोच आडवा येतो.

सहहिस्सेदार: जागा वडिलोपार्जित असेल आणि उताऱ्यावर चुलते, आत्या, बहिणी यांची नावं असतील, तर ‘आमचं तोंडी वाटप झालंय’ या वाक्याला परवानगीच्या कार्यालयात किंमत नाही. एक तर नोंदणीकृत वाटपपत्र करा, नाहीतर सगळ्यांची लेखी संमती घ्या. बहिणीला ‘सही कर, काही होत नाही’ असं म्हणून हक्कसोडपत्र घेऊ नका. तिचा हिस्सा कायद्याने आहे. तिला काय द्यायचं ते बोलून, लिहून ठरवा.

आता गुंठ्यांचा सापळा. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा आहे. २०२३ च्या अधिसूचनेनंतर बहुतेक जिल्ह्यांत बागायतीचं प्रमाणभूत क्षेत्र (शेताचा कायद्याला चालणारा सर्वांत लहान तुकडा) १० गुंठे आणि जिरायतीचं २० गुंठे आहे. त्याखालचा शेतजमिनीचा तुकडा सरळ खरेदीखताने मिळत नाही, म्हणून लोक साठेखत, कुलमुखत्यारपत्र नाहीतर साध्या स्टॅम्पवर नोटरी करून गुंठा घेतात. त्या कागदावर उताऱ्याला नाव लागत नाही. नाव नाही म्हणजे परवानगी नाही आणि कर्जही नाही. जुने तुकडे नियमित करण्याचे मार्ग शासनाने अधूनमधून खुले केले आहेत: गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा २००१ चा, त्याची मुदत पुढे ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या प्लॉटांसाठी वाढवली गेली, आणि २०२५ मध्ये तुकडेबंदीतही सवलत आली. तुमचा तुकडा यातल्या कशात बसतो ते स्थानिक वकिलाकडून लेखी घ्या. एजंट ‘सगळं नियमित होणार आहे’ म्हणतो तेव्हा त्याला त्याचं कमिशन दिसत असतं.

जागा नव्याने विकत घेत असाल तर वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल करून घ्या. त्याची फी वाचवण्यात अर्थ नाही.

३. मोजणी आणि रस्ता

भूमी अभिलेख कार्यालयाकडे हद्दकायम मोजणीचा अर्ज ऑनलाइन होतो; नियमित आणि द्रुतगती असे दोन दर असतात. मोजणीच्या दिवशी लगतच्या खातेदारांना नोटीस जाते. त्या दिवशी शेजाऱ्याला घरी चहाला बोलवा आणि खुणा दोघांच्या देखत रोवा. हातात ‘क’ प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, आल्याशिवाय कंपाउंडचा खड्डाही खणू नका. बांध शतकभर तिथेच असला तरी नकाशात तो फूट-दोन फूट इकडेतिकडे निघतो, आणि अरुंद प्लॉटवर दोन फुटांत जिना बसतो किंवा बसत नाही.

रस्त्याचा प्रश्न त्याहून मोठा. शेतात बैलगाडी नेण्यासाठी तहसीलदारांनी दिलेली वाट म्हणजे इमारतीला लागणारा पोहोच रस्ता नव्हे. रस्ता मंजूर रेखांकनातला आहे, सार्वजनिक आहे, की कुणाच्या सातबाऱ्यातून जातो ते तपासा. कुणाच्या मालकीतून जात असेल तर वहिवाटीचा हक्क नोंदणीकृत दस्ताने घ्या. समोर राज्यमार्ग किंवा राष्ट्रीय महामार्ग असेल तर इमारत रेषा आणि नियंत्रण रेषा (रस्त्यापासून किती अंतरापर्यंत बांधकामाला मनाई किंवा निर्बंध आहेत) बघा. बाजूने ओढा, उच्चदाबाची वीजवाहिनी किंवा गॅसवाहिनी जात असेल तर तीही. यातली एखादी गोष्ट पाच गुंठ्यांचे तीन गुंठे करते.

४. परवानगी कोण देणार?

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून जरा सविस्तर.

मुंबई आणि काही अपवाद सोडले तर राज्यभर डिसेंबर २०२० पासून एकच बांधकाम नियमावली लागू आहे. सगळे तिला यूडीसीपीआर म्हणतात. नियम एक असले तरी अर्ज घेणारी कचेरी जागेप्रमाणे बदलते. महापालिका, नगरपरिषद, नगरपंचायत यांच्या हद्दीत ती संस्था. पुण्याभोवतीच्या गावांत पीएमआरडीए, नागपूरभोवती एनएमआरडीए ही महानगर प्रदेश विकास प्राधिकरणं. एमआयडीसीच्या स्वतःच्या क्षेत्रात एमआयडीसी. उरलेल्या ग्रामीण भागात जिल्हाधिकारी आणि नगररचना कार्यालय. आमच्यासारखं गाव पीएमआरडीएच्या हद्दीत असेल तर ग्रामपंचायतीचा ‘ना हरकत’ दाखला म्हणजे बांधकाम परवानगी नाही. पुण्याच्या आसपास कित्येक इमारती या एका गैरसमजावर उभ्या आहेत, आणि त्यातल्या कित्येकांना एमआरटीपी (प्रादेशिक नियोजन व नगररचना) कायद्याच्या नोटिसाही आल्या आहेत.

ग्रामीण भागात छोट्या भूखंडांना २०२१ मध्ये मोठी सवलत मिळाली. १५० चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे सुमारे १,६०० चौरस फुटांच्या भूखंडावर वेगळी परवानगी लागत नाही. मालकीचे कागद, मोजणी नकाशा, इमारतीचा नकाशा, तो नियमावलीप्रमाणे असल्याचं परवानाधारक अभियंत्याचं प्रमाणपत्र आणि शुल्काची पावती ग्रामपंचायतीला दिली की काम सुरू करता येतं. १५० ते ३०० चौरस मीटरपर्यंत ग्रामपंचायतीने दहा दिवसांत प्रारंभ प्रमाणपत्र, म्हणजे काम सुरू करायची परवानगी, द्यायचं असतं.

इथे एक बारीक गंमत आहे. एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. त्यामुळे दीड गुंठा होतो १५१.७५ आणि तीन गुंठे ३०३.५. दोन्ही मर्यादा वाटीभर पाण्याने सांडतात. प्लॉट पाडतानाच जरा कमी क्षेत्राचा पाडला असता तर हे टळलं असतं, पण प्लॉट पाडणारा गुंठ्यात विचार करतो आणि नियम मीटरमध्ये. तुमचा दीड किंवा तीन गुंठ्यांचा तुकडा असेल तर ‘क’ प्रतीवरचं क्षेत्र नीट वाचा आणि अभियंत्याला आधीच विचारा.

अकृषिक म्हणजे एनएचं काय? गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जागा किंवा विकास आराखड्यात निवासी दाखवलेली जागा असेल, तर महसूल संहितेतल्या सवलतीमुळे जुन्यासारखी वेगळी एनए परवानगी लागत नाही. त्या वेळी लागू असलेली रक्कम भरून प्रकरण मिटतं. हे नियम गेल्या काही वर्षांत सतत सैल होत आले आहेत, म्हणून शेजाऱ्याने पाच वर्षांपूर्वी काय केलं ते प्रमाण मानू नका. जागा हरित पट्ट्यात किंवा शेती विभागात असेल तर मात्र थांबा. आधी झोन दाखला (जागा कोणत्या विभागात येते याचा दाखला) काढा, बाकी सगळं नंतर.

अर्जाला साधारण हे लागतं:

- डिजिटल सहीचा ताजा सातबारा किंवा मिळकत पत्रिका, आठ-अ, संबंधित फेरफार
- खरेदीखत, वाटपपत्र किंवा बक्षीसपत्र
- मोजणीची ‘क’ प्रत
- झोन दाखला आणि भाग नकाशा
- रूपांतरण कराची पावती किंवा अकृषिक आदेश
- वास्तुविशारद किंवा परवानाधारक अभियंत्याने सही केलेला नकाशा
- स्ट्रक्चरल अभियंत्याचं प्रमाणपत्र
- सहहिस्सेदारांची संमती
- आधार, पॅन, फोटो

शुल्कांत विकास शुल्क, छाननी शुल्क आणि बांधकाम खर्चाच्या एक टक्का बांधकाम कामगार उपकर येतो. प्रारंभ प्रमाणपत्र एका वर्षासाठी असतं. काम लांबलं तर मुदत संपण्याआधी नूतनीकरण करा.

५. नकाशा: किती घरं बसतात

दाट वस्तीबाहेरच्या भागात मूळ चटई क्षेत्र निर्देशांक (जागेच्या किती पट बांधकाम करता येतं तो आकडा) १.१० मिळतो. तीन गुंठ्यांवर तो ३३४ चौरस मीटर, म्हणजे सगळे मजले धरून ३,५९० चौरस फुटांच्या आसपास होतो. अधिमूल्य भरून वर आणखी मिळतं, पण रस्ता नऊ मीटरपेक्षा अरुंद असेल तर वाव कमी होतो. समोर, मागे, बाजूला सोडायची जागा आणि पार्किंग यांत तळमजल्याचं गणित बदलतं. म्हणून ‘तीन गुंठ्यांत आठ घरं बसवून देतो’ म्हणणाऱ्याला आधी पार्किंग दाखव म्हणावं.

राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे राहती खोली कमीत कमी ९.५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे १०२ चौरस फूट आणि २.४ मीटर रुंद हवी. स्वयंपाकघर ५ चौरस मीटर, न्हाणीघर १.८, छताची उंची २.७५ मीटर. ही किमान मापं आहेत. माझ्या मते हॉल दहा बाय बाराच्या खाली नेऊ नये: एक दिवाण, एक कपाट, टीव्ही आणि संध्याकाळी मूल अभ्यासाला बसतं ती फरशी, एवढं त्यात मावलं पाहिजे.

भाड्याच्या घरात ज्या गोष्टींवर पैसे खर्च करा म्हणतो त्या अशा. प्रत्येक स्वयंपाकघराला बाहेर उघडणारी खिडकी. संडास-न्हाणी वेगवेगळी, कारण सकाळी पहिल्या पाळीची बस चुकली तर भांडण तुमच्या दारात येतं. कपडे आणि भांडी धुवायला मागे छोटी मोरी. पाच फूट उंचीपर्यंत टाईल्स. खिडक्यांना मच्छरदाणीची जाळी. पीओपीचं छत, रंगीत दिवे, नक्षीची दारं मात्र नकोत. भाडेकरू त्यासाठी एक रुपया जास्त देत नाही.

डुप्लेक्सच्या सामाईक भिंतीत कंजूषी करू नका. ती नऊ इंचीच घ्या आणि दोन्हीकडची स्विचबोर्डं समोरासमोर येऊ देऊ नका, नाहीतर शेजारच्याचा मिक्सर तुमच्या भाडेकरूच्या उशाशी सुरू होतो. जिन्याची पायरी सात इंचांपेक्षा उंच नको. वयस्कर आई-वडील सोबत असलेलं कुटुंब उंच जिना पाहून परत जातं.

६. पाणी, मैला, वीज

घर पाहायला आलेली बाई पहिला प्रश्न विचारते: पाणी किती वेळ येतं? भाड्याचा प्रश्न त्यानंतर.

हिशोब साधा आहे. माणशी रोज १३५ लिटर धरतात. सहा घरं, घरटी चार माणसं, म्हणजे रोज ३,२४० लिटर. ग्रामपंचायतीचं पाणी एक दिवसाआड येत असेल तर जमिनीखालची टाकी किमान दोन दिवसांची हवी. आणि एप्रिल-मे महिन्यांत टँकर मागवावा लागणार असेल तर टाकी टँकरच्या मापाची बांधा. दहा हजार लिटरचा टँकर आला आणि तुमची टाकी सहा हजारांची असली, तर उरलेल्या पाण्याचे पैसे देऊन ते रस्त्यावर सोडावं लागतं.

गच्चीवर एकच मोठी टाकी ठेवण्यापेक्षा प्रत्येक घराला पाचशे लिटरची स्वतंत्र टाकी आणि खाली स्वतंत्र वॉल्व्ह द्या. एकाच्या घरी नळ गळत राहिला तर त्याचंच पाणी संपतं. पाण्यावरून होणारी निम्मी भांडणं या एका निर्णयाने बंद होतात. बोअरचं पाणी प्रयोगशाळेत तपासून घ्या. फार जड असेल तर गिझर आणि नळ वर्षाच्या आत क्षारांनी भरतात.

गटार नसेल तर सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा करावा लागतो. सेप्टिक टाकी दोन कप्प्यांची, मैला उपसणाऱ्या गाडीचा पाइप पोहोचेल अशा जागी ठेवा. इमारतीच्या मागे, कंपाउंडला चिकटून केलेली टाकी भरते त्या दिवशी पाइप भाडेकरूच्या हॉलमधून न्यावा लागतो. शोषखड्डा बोअरपासून किमान पन्नास फूट दूर हवा. काळ्या मातीत तो पावसाळ्यात पाणी पितच नाही. खाली मुरूम लागेपर्यंत खोल जा, नाहीतर त्यावर विसंबू नका. शेजाऱ्याची विहीर कुठे आहे तेही बघा.

वीज: प्रत्येक घराला महावितरणचं स्वतंत्र मीटर आणि पंप, जिना, अंगणातल्या दिव्यांसाठी आणखी एक. अनेक मालक एकच मीटर घेऊन आत सबमीटर लावतात आणि युनिटमागे स्वतःचा दर लावतात. एक तर असं मधे बसून वीज विकता येत नाही. दुसरं, त्यात भाडेकरूचंच नुकसान. घरगुती वीजदर टप्प्यांत चढतो: १०० युनिटपर्यंत कमी, १०१ ते ३०० ला जास्त, त्यापुढे आणखी. चार घरं प्रत्येकी ९० युनिट वापरत असतील तर स्वतंत्र मीटरवर सगळी स्वस्त टप्प्यात राहतात. एकाच मीटरवर ३६० युनिट झाली की त्यातली फक्त पहिली शंभर स्वस्त. भाडेकरू हे लवकर ओळखतो आणि महिना संपला की घर सोडतो. इमारतीची मागणी वाढली तर कधीकधी खांब किंवा रोहित्राचा खर्च येतो, म्हणून महावितरणकडे चौकशी स्लॅब पडायच्या आधी करा.

७. ठेकेदार आणि काम

दोन पद्धती आहेत: मजुरीवर काम देऊन माल आपण आणायचा, किंवा मालासकट चौरस फुटाचा दर. तुम्ही रोज साइटवर जाऊ शकत नसाल तर मालासकट द्या, पण करार लेखी करा. त्यात सिमेंटची प्रत, सळईची प्रत, वीट की ब्लॉक, क्रश सँड, फरशीचा फुटाचा दर, नळांची कंपनी, वायरची कंपनी हे सगळं नावानिशी हवं. चौरस फूट कसे मोजायचे तेही लिहा: बाल्कनी पूर्ण की अर्धी, जिना धरायचा की नाही. पाण्याची टाकी, सेप्टिक टाकी, कंपाउंड, पेव्हर ब्लॉक हे बहुतेक दरांत नसतात आणि शेवटी ‘एक्स्ट्रा’ म्हणून समोर येतात.

पैसे टप्प्याने द्या: पाया, जोते, प्रत्येक स्लॅब, वीटकाम, गिलावा, फरशी-रंग. शेवटचे पाच ते दहा टक्के पहिला पावसाळा उलटेपर्यंत हातात ठेवा. ठेकेदार कुरकुर करतो, पण चांगला ठेकेदार मान्य करतो.

पाया काळ्या मातीवर बसवू नका. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि भिंतींना तिरक्या भेगा पडतात. मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खोदा. माती फार खोल असेल तर स्ट्रक्चरल अभियंत्याला पाइलचं विचारा. जोते आजूबाजूच्या जमिनीपासून किमान दीड फूट वर हवं. समोरचा रस्ता दर डांबरीकरणाला वर चढतो हेही लक्षात घ्या. जोत्यापर्यंत काम झालं की जोते तपासणी करून घ्या. पुढे भोगवटा प्रमाणपत्राच्या (इमारत वापरायच्या परवानगीच्या) वेळी तोच कागद मागतात.

स्लॅब भरण्याच्या आदल्या संध्याकाळी अभियंत्याकडून सळई तपासून घ्या आणि फोटो काढा. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबचे टेकू किमान सात दिवस, त्यापुढच्या गाळ्याला चौदा दिवस, आणि सहा मीटरपर्यंतच्या तुळयांचे चौदा दिवस काढायचे नाहीत असं भारतीय मानक सांगतं. सेंट्रिंगवाल्याला त्याच्या प्लेटा दुसऱ्या साइटवर न्यायच्या असतात, म्हणून तो पाचव्या दिवशीच हातोडा घेऊन येतो. त्याला परत पाठवा. पीपीसी (राखमिश्रित) सिमेंट असेल तर क्युरिंग किमान दहा दिवस, कडक उन्हात चौदा. पाणी मारायला माणूस ठेवावा लागतो. ती मजुरी करारात कुणाकडे आहे ते ठरवून घ्या.

पावसाळा संपल्यावर खोदाई करून मेअखेर शेवटचा स्लॅब टाकणं सगळ्यांत सोयीचं. संडासांत टाईल्स लावायच्या आधी स्लॅबच्या मुद्दाम खोल ठेवलेल्या भागात दोन दिवस पाणी भरून ठेवा आणि खालच्या घराचं छत पाहा. गच्चीवर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा जलरोधक थर) झाल्यावरही तसंच करा. नंतर गळती शोधायची म्हणजे राहत्या माणसाची न्हाणी फोडायची.

८. कर्ज

परवानगी आणि रूपांतरणाचे कागद असतील तर बँकेचं गृहकर्ज मिळतं; ते बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे सुटतं, त्यामुळे पहिल्या टप्प्याचे पैसे स्वतःकडे हवेत. कागद अर्धवट असताना पतसंस्थेतून चढ्या व्याजाने घेतलं तर हप्ता भाड्याच्या पुढे पळतो. घर भरायच्या आधीचे सहा महिने हप्ता कुठून भरणार याचं उत्तर असेल तरच सही करा.

९. काम संपल्यावर

भोगवटा प्रमाणपत्रासाठी अभियंत्यामार्फत अर्ज करा. मंजूर नकाशापेक्षा जास्त बाल्कनी झाकली असेल किंवा पार्किंगमध्ये खोली काढली असेल तर ते इथे अडतं. त्यानंतर घरपट्टीची नोंद. ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा हा कर आकारणीचा कागद आहे. तो मालकी सिद्ध करत नाही आणि बांधकाम कायदेशीर असल्याचंही सांगत नाही. ‘आमची नमुना आठला नोंद आहे’ एवढ्या भरवशावर कुणी घर विकत देत असेल तर उठून या.

डुप्लेक्स पुढे विकायचा विचार असेल तर रेरा, म्हणजे घरविक्री प्रकल्पांच्या नोंदणीचा कायदा, बघा. ५०० चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत सदनिका असतील तर प्रकल्प नोंदणी लागत नाही. नुसतं भाड्याने देण्याला रेराचा संबंध येत नाही.

१०. भाडेकरार

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे, आणि ती जबाबदारी मालकाची. अकरा महिन्यांचा करार नोटरी करून चालतो हा समज चुकीचा आहे. नोंदणी नसेल आणि वाद झाला तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जातं, आणि मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंडही होऊ शकतो.

खर्च फार नाही. मुद्रांक शुल्क एकूण भाडं आणि अनामत रकमेवर वर्षाला दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज यांच्या बेरजेवर ०.२५ टक्के. समजा भाडं ८,००० आणि अनामत ३०,०००, मुदत अकरा महिने: शुल्क सव्वादोनशे रुपयांच्या आसपास येतं. नोंदणी फी शहरी भागात १,००० आणि ग्रामीण भागात ५०० रुपये. नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते, अंगठा आणि आधार लागतो.

करार ‘लीव्ह अँड लायसन्स’चाच, म्हणजे ठराविक मुदतीसाठी राहण्याची परवानगी देणारा, करा. मुदत संपूनही घर सोडलं नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं आणि भाड्याच्या दुप्पट रक्कम मागता येते. स्वतःहून पाणी किंवा वीज तोडू नका. अत्यावश्यक सुविधा बंद करायला कायद्याने मनाई आहे आणि हक्काची केस उलटी फिरते. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला ऑनलाइन कळवा. किती माणसं राहणार, दुचाकी किती, गॅस सिलिंडर कुठे, मीटरचं त्या दिवशीचं रीडिंग, भिंतींचे आणि नळांचे फोटो, हे सगळं चावी देतानाच दोघांच्या सहीने लिहा.

जातीवरून, धर्मावरून किंवा ‘परप्रांतीय नको’ म्हणून घर नाकारणारे मालक आमच्याही गल्लीत आहेत. त्यांची घरं जास्त काळ रिकामी असतात एवढंच सांगतो. माणसाची नोकरी, आधीच्या घरमालकाशी एक फोन आणि पोलिसांकडची नोंद, एवढी चौकशी पुरते.

११. कर

भाड्याचं उत्पन्न आयकरात ‘घरमालमत्तेपासूनचं उत्पन्न’ म्हणून दाखवायचं. तुम्ही भरलेली घरपट्टी वजा करा. उरलेल्या रकमेवर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, दुरुस्तीच्या पावत्या जोडाव्या लागत नाहीत. कर्जाचं व्याज वेगळं वजा होतं. घर दोघांच्या नावावर असेल तर भाडंही हिश्श्याप्रमाणे दोघांच्या उत्पन्नात जातं. रोखीने घेतलेल्या भाड्याचीही पावती द्या. भाडेकरूला ती कंपनीत लागतेच.

एमआयडीसीच्या पट्ट्यात पुष्कळदा कंपनी किंवा लेबर कंत्राटदार स्वतःच्या नावावर घरं घेतो आणि कामगार ठेवतो. राहण्यासाठी माणसाला दिलेल्या घराच्या भाड्यावर जीएसटी नाही, पण १८ जुलै २०२२ पासून भाडेकरू जीएसटी नोंदणीकृत असेल तर त्यानेच तो कर सरकारकडे भरायचा असतो. तुमच्याकडे नोंदणी असो वा नसो, तो बोजा त्याचा. ठरलेल्या भाड्यातून तो कापून घेणार नाही, आणि एका घरात किती माणसं ठेवणार, ही दोन वाक्यं अशा करारात आधी लिहून घ्या.